नकाराची किंमत दोन हजार रुपये

फेब्रुवारी लागला की आमच्या होटगीच्या मुलींनाही सोलापूरच्या नवी पेठेतली दुकानं खुणावू लागतात. लाल बदाम, टेडी, चॉकलेटं, कार्डं... अमेरिकेतला हा व्हॅलेंटाइनचा थाट आता आपल्या दारापर्यंत आलाय. मला त्यात काही वावगं वाटत नाही. प्रेमानं दिलेलं कुणाला नको असतं? पण भेट घ्यायची की परत करायची, हे मुलीला ठरवता येतं का? हा विचार मनात आला की मला डॉ. रखमाबाई आठवतात.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत, २२ नोव्हेंबर १८६४चा. वडील लहानपणीच गेले. त्यांच्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मोकळीक होती, त्यामुळे आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. या सावत्र वडिलांच्या घरात रखमाबाईंना पुस्तकांची गोडी लागली.

अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरा दादाजी भिकाजी तेव्हा एकोणीस वर्षांचा. पण रखमाबाई नांदायला गेल्याच नाहीत, माहेरीच शिकत राहिल्या. दादाजींचं मात्र शिक्षणात मन लागेना, ते मामांच्या आश्रयाला होते. अखेर १८८४ साली त्यांनी बायकोनं नांदायला यावं म्हणून कोर्टात दावा लावला. नकळत्या वयात लावून दिलेलं लग्न मला मान्य नाही, असं रखमाबाईंचं म्हणणं. त्या काळात एका बाईनं हे कोर्टात सांगायचं, म्हणजे विचार करा!

पाठीशी उभे असलेले सखाराम अर्जुन १८८५च्या एप्रिलमध्ये वारले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. त्यावर एकच गदारोळ उठला. धर्म बुडाला अशी ओरड झाली, टिळकांच्या ‘केसरी’नंही कडाडून विरोध केला. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७मध्ये हुकूम झाला, महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली!

शेवटी जुलै १८८८मध्ये तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि त्यांनी दावा सोडला. पुढे त्यांनी दुसरं लग्नही केलं. लग्नात मुलीकडच्यांनी हुंडा, मानपान करायचा, हे आपल्याला ठाऊक आहे. इथं बाईनं नाही म्हणायचे पैसे मोजले.

१८८९ साली त्या लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना मोठा हात दिला. १८९४मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मग सुरतेला आणि नंतर राजकोटला बायकांच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्य वेचलं. पुन्हा लग्न केलं नाही. त्यांच्या खटल्यानं पेटलेल्या वादातूनच पुढे १८९१चा संमतिवयाचा कायदा आला आणि मुलींचं वय दहावरून बारा झालं. आज बारा ऐकूनही काटा येतो, पण तेव्हा तेवढ्यासाठीसुद्धा केवढं भांडावं लागलं.

एक गोष्ट मात्र मला अजून चटका लावते. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला कोर्टात नकार दिला, त्याचं सुतक असं का पाळावं? काही जणी नाराज होतात. मला वाटतं, समाजाशी भांडून झालं तरी मनातले संस्कार एवढ्या सहज सुटत नाहीत. आपलंही कुठं सुटतात?

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदीत, त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे तिशीची मुलगी एकटी दिसली की अजून कुजबुज होते, अगं, हिचं कुठं जमत कसं नाही? नोकरी करते, आईवडिलांना सांभाळते, ते कुणी विचारत नाही. म्हणून सांगते, यंदा घरात पाहुणे बघायला येणार असतील, तर पोह्यांची फोडणी टाकण्याआधी पोरीला बाजूला घेऊन विचारा, तुला हे हवंय ना? आणि ती नाही म्हणाली, तर तेही ऐकून घ्या.