डोंगरात जग पाहणारा हंबोल्ट

वाईत उन्हाने जीव नकोसा होतो आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीला जावे तर अंगावर गार वारा येतो. अंतर ते केवढे, पण हवा निराळी! असे का, हे शोधत जो जन्मभर हिंडला त्याची ही गोष्ट.

अलेक्झांडर फॉन हंबोल्टचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन येथे झाला. घर श्रीमंत, पण तो नऊ वर्षांचा असतानाच वडील वारले. पोराला नाद एकच, पाने, किडे, दगड गोळा करण्याचा. आईच्या इच्छेखातर त्याने खाणखात्यात नोकरी धरली. १७९६ मध्ये आई गेली व वारशाचा पैसा हाती आला. दुसऱ्या कोणी वाडा बांधला असता. याने नोकरी सोडली आणि तापमापक, वायुभारमापक, दुर्बिणी विकत घेतल्या!

१७९९ च्या जूनमध्ये बोंप्लाँ या फ्रेंच मित्राबरोबर तो स्पेनहून दक्षिण अमेरिकेकडे निघाला. तिकडे विजेचा धक्का देणारे वाम मासे असतात. नुकत्याच पाण्याबाहेर काढलेल्या एका वामेवर या गृहस्थाने चक्क पाय ठेवले. मग काय, दिवसभर गुडघे धरून बसला. (आपल्याकडच्या वामेत वीज नसते, घाबरू नका.)

२३ जून १८०२ रोजी तो विषुववृत्ताजवळच्या चिंबोराझो पर्वतावर चढला. त्या काळी हाच जगातला सर्वांत उंच डोंगर समजत. बर्फ लागले तसे हमाल मागे फिरले. श्वास पुरेना, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तरी हा थांबून थांबून हवेचा दाब व तापमान टिपून ठेवी. साडेपाच हजार मीटरच्या वर गेल्यावर मोठी भेग आडवी आली आणि शिखर राहून गेले.

पण हाती काही वेगळेच लागले. पायथ्याला ताड व केळी, वर ओकची झाडे, त्यावर झुडपे, मग गवत, मग दगडफूल आणि शेवटी बर्फ. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे हजारो मैल गेल्यावर जे पालटत जाते, ते एका डोंगराच्या चढावर दिसले.

आपल्या पुस्तकात उष्ण, समशीतोष्ण व शीत असे सरळ पट्टे असतात. पण नेपल्स आणि न्यूयॉर्क जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर असून न्यूयॉर्कला हिवाळ्यात गोठवणारी थंडी आणि नेपल्सला मात्र सौम्य! १८१७ मध्ये हंबोल्टने सारख्या सरासरी तापमानाची ठिकाणे रेघेने जोडली. रेघ काही सरळ जाईना. पश्चिम युरोपात ती उत्तरेकडे सरके, अमेरिकेच्या पूर्व भागात दक्षिणेकडे उतरे. याच समताप रेषा. समुद्र, वारे व उंची यांनी पडलेल्या या हद्दी राजांच्या तहांना विचारत नाहीत.

त्याला हिमालय पाहायचा होता. पण हिंदुस्थानात कंपनी सरकार. लंडनला जाऊन खटपट केली, वर्षे गेली, परवाना मिळाला नाही. स्पॅनिश वसाहतींतली गुलामगिरी व तिथल्या मूळ रहिवाशांचे हाल त्याने उघड लिहिले होते. असा माणूस कंपनीला कशाला हवा असेल? शेवटी इतरांची मोजमापे मिळवून त्याने घरबसल्या दाखवून दिले, की हिमालयाच्या तिबेटकडच्या कोरड्या बाजूला हिमरेषा आपल्या बाजूपेक्षा उंचावर असते. १८२९ मध्ये, साठाव्या वर्षी, तो रशियातून अल्ताई पर्वतापर्यंत गेला. तिथून पुढे चीनची सरहद्द.

१८५४ मध्ये त्याच्या शिफारशीने श्लागिंटवाइट नावाचे तीन जर्मन भाऊ मुंबईला उतरले व हिमालयात गेले. एक काशगरला मारला गेला. दोघे १८५७ मध्ये नोंदवह्या घेऊन परतले, तेव्हा हंबोल्ट सत्त्याऐंशी वर्षांचा होता. ६ मे १८५९ रोजी तो बर्लिनमध्ये वारला. हिमालय त्याने कधीच पाहिला नाही.