शिक्षणमहर्षी कर्मवीर भाऊराव पाटील

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी आहारदान आणि शास्त्रदान यांची सांगड घालून गोरगरिबांच्या मुलांसाठी महाविद्यालयाचे दार उघडणारे थोर पुरुष म्हणजे पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील होत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव पायगोंडा, तर मातोश्रींचे गंगाबाई. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहिले. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते आवर्जून गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. स्वसमाजाच्या वसतिगृहाचे दार असे बंद झाले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. हा प्रसंग आजही समाजाला अंतर्मुख करणारा आहे. आपल्या वसतिगृहाच्या दारातून कोणालाही परत जावे लागू नये, हे पुढे त्यांचे जीवनव्रत ठरले.

भाऊराव स्वतः मॅट्रिक होऊ शकले नाहीत. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून खेडोपाडी भ्रमंती केली. बहुजन समाजातील मुले बुद्धीने कमी नाहीत, मात्र शाळेच्या गावी राहण्या-जेवण्याची सोय नसल्याने ती मागे राहतात, हे त्यांनी या फिरतीत जाणले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीला बसत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले.

वसतिगृहाचा खर्च लोकांच्या धान्यातून, मुष्टिफंडातून आणि देणग्यांतून भागविला जाई. जमेपेक्षा खर्च नेहमीच अधिक असे. अशा वेळी धर्मपत्नी सौ. लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. एकदा भाऊराव परगावी असता मुलांच्या जेवणासाठी काहीच उरले नाही, तेव्हा त्या माउलीने मंगळसूत्रही दिले. परंपरेत वाढलेल्या या साध्वीने सर्व जातींच्या लेकरांना पोटाशी धरले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या पायात त्यांच्या त्यागाचा दगड आहे.

माध्यमिक शिक्षणाची सोय झाली, तरी महाविद्यालयाच्या शुल्कापाशी गरीब विद्यार्थी अडत असे. यावर भाऊरावांनी योजलेला उपाय म्हणजे ‘कमवा आणि शिका’. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. विद्यार्थ्यांनी शेतात आणि बांधकामावर श्रम करावेत, आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण घ्यावे, अशी ही व्यवस्था होती. यात उपकाराची भावना नव्हती, त्यामुळे विद्यार्थ्याचा स्वाभिमान अबाधित राहिला. पुढे सरकारी अनुदान काही काळ बंद झाले, तरीही भाऊराव डगमगले नाहीत. १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगेमहाराजांच्या नावाने महाविद्यालय उभे राहिले. भाऊरावांच्या छत्रछायेत वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले आणि कालांतराने शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

१९५९ साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे महानिर्वाण झाले. २०२१ साली साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले असून त्यांचे शिवाजी कॉलेज त्याचा घटक आहे. मॅट्रिकही न झालेल्या पुरुषाच्या नावे विद्यापीठ उभे राहावे, हा त्यांच्या तपश्चर्येचा गौरव होय.

भाऊरावांची कर्मभूमी पश्चिम महाराष्ट्र असली, तरी त्यांनी हाती घेतलेला प्रश्न मराठवाड्याचाही आहे. निजामी राजवटीत येथील खेड्यांना उच्च शिक्षण दुर्लभ होते. १९५८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ झाले, तर १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. साखऱ्यासारख्या गावातील मुलामुलींना विद्यापीठ जवळ आले खरे. परंतु खोलीचे भाडे, खानावळीचे पैसे आणि पुस्तकांचा खर्च ही अडचण आजही अनेक घरांत आहे. गुणपत्रिका उत्तम असूनही प्रवेश रद्द करावा लागणे, यासारखे दुःख नाही.

अशा एका विद्यार्थ्याच्या निवासाचा व भोजनाचा भार ज्याने त्याची जात न विचारता उचलला, त्याला आहारदान आणि शास्त्रदान या दोहोंचे पुण्य एकाच वेळी लाभेल. कर्मवीरांना हीच खरी आदरांजली ठरेल. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!