नद्यांतील माशांचा हिशेब मांडणारा डॉक्टर

शहादा : गोमाई नदी प्रकाशा येथे तापीला मिळते. या संगमामुळे प्रकाशाला दक्षिण काशीचा मान मिळाला. येथे आणि वरच्या अंगाला सारंगखेडा येथे बॅरेज झाल्यापासून उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी तापी भरलेली दिसू लागली. शेतीच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. मात्र नदी आडवी अडविली की तिच्यातील माशांचे काय होते, हा प्रश्न बॅरेजपेक्षा खूप जुना आहे. भारतात तो सरकारदरबारी पोहोचला तो १८६७ मध्ये. त्याचे उत्तर शोधण्यात ज्याने उमेदीची वर्षे घातली, तो सरकारी अधिकारी मुळात लष्करी डॉक्टर होता. त्याचे नाव फ्रान्सिस डे.

डे यांचा जन्म २ मार्च १८२९ रोजी इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १८५२ मध्ये ते मद्रास सरकारच्या वैद्यकीय सेवेत रुजू झाले. दुसऱ्या ब्रह्मी युद्धात त्यांनी काम केले. पुढे कोचीनला नेमणूक झाली आणि तेथील खाड्या, बाजार व कोळीवाडे हेच त्यांचे विद्यापीठ ठरले. दवाखान्यातील काम आटोपले की मासळीबाजारात जायचे, अनोळखी मासा दिसला की विकत घ्यायचा, त्याचे चित्र काढायचे आणि तो मद्यार्कात जतन करायचा, असा परिपाठ सुरू झाला. १८६५ मध्ये त्यांचे मलबारच्या माशांवरील पुस्तक निघाले. आज शहरांतील मत्स्यालयांत ‘मिस केरळ’ या नावाने लोकप्रिय असलेल्या, अंगावर लाल पट्टा मिरविणाऱ्या देखण्या माशाचे शास्त्रीय वर्णन डे यांनी त्याच वर्षी केले. त्याला त्यांनी मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचे नाव दिले होते.

निलगिरीच्या थंड पाण्यात विलायती ट्राउट वाढविण्याची हौसही त्यांनी याच काळात करून पाहिली. इंग्लंडहून आणलेली अंडी तगली नाहीत. हा नाद त्यांना फारसा लाभला नाही, हे बरेच झाले म्हणायचे. कारण पुढे त्यांचे लक्ष इथल्याच माशांकडे वळले.

त्याला निमित्त झाले धरणांचे. कावेरीच्या कोल्लिडम फाट्यावर सर आर्थर कॉटन यांनी १८३६ मध्ये बंधारा बांधला होता. विशेष म्हणजे अशा बंधाऱ्यांमुळे मत्स्यसंपत्तीची हानी होत असावी, अशी शंका १८६७ मध्ये भारतमंत्र्यांकडे लेखी मांडणारेही कॉटनच होते. ज्याने नदी अडविली त्यानेच माशांची चिंता वाहावी, असे उदाहरण विरळा. चौकशीचे काम डे यांच्याकडे आले. समुद्रातून अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात चढणारा हिलसा, म्हणजे आपल्याकडचा पाला, बंधाऱ्याच्या भिंतीशी येऊन थबकतो. वर जाता येत नाही, मागे फिरायची प्रवृत्ती नसते. अशा वेळी तेथे गर्दी केलेले मासे जाळ्यांनी अक्षरशः उपसले जात होते. पुढच्या पिढीची बीजे पोटात घेऊन आलेला मासाच बाजारात जात होता.

या पाहणीचा व्याप वाढत गेला आणि १८७१ मध्ये डे हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक झाले. हाताखाली मोठे खाते नव्हते, अधिकारही नव्हते. होती ती फक्त फिरण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा. तिचा त्यांनी पुरेपूर वापर केला. प्रांतोप्रांतीच्या कलेक्टरांकडून आणि तहसीलदारांकडून त्यांनी माहिती मागविली. मासे वाढत आहेत की घटत आहेत, जाळ्याचे सर्वांत लहान भोक केवढे, पिल्ले बाजारात येतात का, विष घालून मासे मारतात का, असे ते साधे प्रश्न होते. ही उत्तरे आणि स्वतःची निरीक्षणे मिळून १८७३ मध्ये कलकत्त्याहून हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यव्यवसायावरील त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रात चढणीच्या माशांचे कौतुक सर्वांनाच आहे. पहिल्या पावसात ओढ्यानाल्यांतून, भातखाचरांतून उलटे चढणारे मासे पकडणे हा गावागावांतील उत्सवच असतो. नेमक्या याच मासेमारीवर डे यांनी बोट ठेवले. बांबूचे पिंजरे लावून ओहोळ बंद करणे, इवलीशी पिल्लेही सुटू नयेत इतकी बारीक जाळी वापरणे, उन्हाळ्यातील डोहात वनस्पतींचे विष कालवणे, हे सारे थांबल्याशिवाय मासे टिकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. जाळ्याच्या भोकाला किमान माप असावे, अचल सापळ्यांवर आणि विषप्रयोगावर बंदी यावी, बंधाऱ्यात माशांसाठी वाट ठेवावी, या त्यांच्या मुख्य शिफारशी. जुन्या राजवटींत मासेमारीचे मक्ते दिले जात. कंपनी व इंग्रज सरकारने पाणी सर्वांना मोकळे केले आणि ते कुणाचेच उरले नाही, असेही त्यांचे मत होते. सरकारी नोकराने सरकारलाच हे सुनावणे सोपे नव्हते.

आक्षेपही आलेच. मासे हे गरिबाचे फुकटचे अन्न, त्यावर निर्बंध आणले तर उपाशी कोण राहणार आणि पोलिसांच्या हाती छळाचे साधन दिले तर त्याला आवर कोण घालणार, असा विरोधकांचा सवाल होता. तो खोटा नव्हता. डे यांचे जीवशास्त्र पक्के होते. परंतु डोहावर ज्याचे पोट आहे त्या भोयाने किंवा भिल्लाने पावसाचे दोन महिने काय खावे, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्या शिफारशींत मिळत नाही. बंधाऱ्यातील वाटेबाबतही अडचण होती. सॅमन उड्या मारीत पायऱ्या चढतो, हिलसा तसा उडी घेणारा मासा नाही. विलायती जिन्याचा त्याला उपयोग नव्हता.

१८७७ मध्ये डे निवृत्त होऊन मायदेशी परतले. ‘फिशेस ऑफ इंडिया’ हा सुमारे दोनशे चित्रपत्रांचा त्यांचा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात भागाभागांनी निघाला. ब्रिटिश म्युझियममधील मत्स्यतज्ज्ञ आल्बर्ट ग्युंथर यांच्याशी त्यांचे कधीच पटले नाही. या वैराचा परिणाम असा, की डे यांच्या संग्रहाचा मोठा हिस्सा लंडनऐवजी ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संग्रहालयाला विकला गेला. भारतीय नद्यांतील काही माशांचे मूळ नमुने पाहायचे तर आजही सिडनीकडे वळावे लागते. १८८९ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत त्यांचे माशांवरील दोन खंड आले. त्यांत १,४०० हून अधिक जातींची नोंद आहे. त्याच वर्षी १० जुलै रोजी कर्करोगाने चेल्टनहॅम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अहवालानंतर २४ वर्षांनी, १८९७ मध्ये भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा झाला. स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास बंदी आली. जाळ्याचे माप, सापळे आणि बंधारे यांबाबत नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. पुढे मुंबई इलाख्यातील मत्स्यशास्त्रज्ञ कुलकर्णी यांनी नर्मदेतील हिलशाच्या प्रजननाचा अभ्यास करून १९५० मध्ये तो प्रसिद्ध केला. तापीवर उकाईचे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. समुद्राकडून तापीत चढणाऱ्या माशाला प्रकाशाच्या संगमापर्यंत यायचे तर वाटेत आधी काकरापारचा बंधारा आहे आणि मग उकाईची भिंत.