हरलेल्या लढाईचा सेनापती

आज १२ नोव्हेंबर. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १८८० साली याच दिवशी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर गावी झाला. स्वातंत्र्यलढ्यातील पुढाऱ्यांना जनतेने अर्पण केलेल्या पदव्यांपैकी लोकमान्य, देशबंधू, सरदार या सर्वतोमुखी आहेत. वल्लभभाईंना सरदार ही पदवी १९२८ साली बारडोलीच्या यशाबरोबर लाभली. बापटांची सेनापती ही पदवी मात्र फसलेल्या लढ्याची मिळकत आहे. रावबहादुरी इंग्रज सरकारने निष्ठेबद्दल वाटली; यशस्वी पुढाऱ्याला लोकही डोक्यावर घेतात. परंतु ज्याच्या हातून आपली जमीन वाचली नाही, त्यालाच शेतकऱ्यांनी सेनापती मानावे, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

बापटांना सुखाचे आयुष्य दुर्लभ नव्हते. डेक्कन कॉलेजातील शिक्षण आटोपून मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर ते १९०४ साली एडिंबरोस यंत्रविद्या शिकावयास गेले. तेथे इंग्रजी राज्यावर उघड टीका केल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचे इंडिया हाउस, सावरकरांचा सहवास, पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकाकडून बाँबची विद्या, आणि १९०८ साली स्वदेशी आगमन. पुढील काही वर्षे अज्ञातवासात गेली. १९१२ साली ते पकडले गेले व १९१५ साली सुटले. हाती खराटा घेऊन रस्ते झाडणारे बापट लोकांनी पाहिले ते याच माणसाचे दुसरे रूप. बाँब आणि खराटा यांत त्यांना स्वतःला विसंगती दिसत नसे.

पुण्याच्या पश्चिमेस मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून, ते पाणी कोकणात भिऱ्याकडे उतरवून मुंबईला वीज पुरवावी, ही टाटा कंपनीची योजना. त्यापायी मुळशी खोऱ्यातील सुमारे ५० गावांच्या भातशेतीवर संकट आले. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने सत्याग्रह आरंभिला. बापट त्यात उतरले आणि पुनःपुन्हा तुरुंगात गेले. लढ्याला खरी गळती लागली ती आतून. ज्या सावकारांचा व जमीनमालकांचा जीव त्या मातीत नव्हता, त्यांना नुकसानभरपाईची रक्कम गोड लागली. त्यांतील कित्येक पुण्यात राहणारे होते, हे आम्ही पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांनी विसरू नये. नांगर धरणाऱ्या कुळाच्या पदरात त्या रकमेतून फारसे पडण्याजोगे नव्हते.

गांधीजींच्या अहिंसेची चौकट बापटांना पुरेशी वाटत नसे. आपण सहन करावयाचे ते करू, पण प्रसंगी हातही उचलू, अशा विचाराचा त्यांचा ‘शुद्ध सत्याग्रह’ होता. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी धरणाच्या कामाची आगगाडी शस्त्रानिशी अडविली. त्या कृत्याचे समर्थन आम्ही करणार नाही. गाडीत बसलेला मजूरही गरीबच होता. तथापि जो पुढारी इतरांना पुढे घालून आपण मागे राहतो, त्या जातीचे बापट नव्हते. त्यांच्या अटकेबरोबर सत्याग्रह संपला. ते सुटले १९३१ साली. तोवर धरण पुरे होऊन खोऱ्यात पाणी भरले होते.

पुढे आणखी तुरुंगवास झाला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुणे शहरावर स्वतंत्र भारताचा ध्वज उभारण्याचा मान त्यांना मिळाला. गोवामुक्तीच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतही हा वृद्ध सेनापती मागे राहिला नाही. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

मुळशीची वीज मुंबईला आजही मिळते. दादरवरून जाणाऱ्या तुळशी पाइप रोडला बापटांचे नाव आहे, पुण्यातील एका हमरस्त्यालाही आहे. पुणेकर मात्र त्या रस्त्याला एस. बी. रोड म्हणतात. त्यातला ‘एस’ हे मावळच्या शेतकऱ्यांचे देणे आहे.