तारापोर मार्ग

पुण्याच्या लष्कर भागातील एका रस्त्यास लेफ्टनंट कर्नल तारापोर यांचे नाव आहे. पत्ता सांगताना ते रोज उच्चारले जाते. नावामागील माणूस मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो.

अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांचा जन्म १९२३ सालचा, मुंबईचा. शालेय शिक्षण पुण्यात. पुढे ते हैदराबाद संस्थानच्या सैन्यात दाखल झाले. तेथे सरावाच्या वेळी एका नवशिक्या जवानाकडून हातबॉम्ब नीट फेकला गेला नाही. तारापोर यांनी झेप घेऊन तो उचलला व भिरकावला. स्फोटात त्यांच्या छातीस इजा झाली. संस्थान विलीन झाल्यावर ते ‘पूना हॉर्स’ या रणगाडा पलटणीत आले. शाळेच्या गावाचे नाव असे पुन्हा भेटले!

सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर फिलोरा येथे ते जखमी झाले, तरी उपचारासाठी मागे जाण्यास त्यांनी साफ नकार दिला. त्यांच्या पलटणीने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले. स्वतःचे गमावले अवघे ९. १६ सप्टेंबर रोजी त्यांच्या रणगाड्यावर तोफगोळा आदळला आणि ते धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांच्या इच्छेनुसार सहकाऱ्यांनी त्यांना रणभूमीवरच अग्नी दिला.