करकरणाऱ्या सांध्याचा इंजिनिअर : सर जॉन चार्न्ली

नेऱ्यावरून गाढेश्वरकडे पायी निघालो की आपली बडबड थकते, गुडघे थकत नाहीत. हे श्रेय हाडांच्या टोकांवरच्या जेमतेम २ ते ४ मिलिमीटर कूर्चेचं. तिच्यात ७०-८० टक्के पाणी आणि ते धरून ठेवणारं कोलॅजनचं जाळं. भार पडला की आधी पाणीच तो झेलतं, म्हणून घर्षण नाममात्र. पण तिला ना रक्तवाहिन्या, ना मज्जातंतू. एकदा झिजली की भरून येणं कठीण.

हे गणित आयुष्यभर सोडवलं ते डॉ. जॉन चार्न्ली यांनी. जन्म १९११, इंग्लंडमधल्या बरी गावी. मँचेस्टरला डॉक्टर झाले, पण हात सतत वर्कशॉपमध्ये! पन्नाशीच्या दशकात त्यांच्याकडे एक पेशंट आला. खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवलेला. वाकला की सांधा करकरे आणि बायको वैतागे. चार्न्लींनी ओळखलं, की कूर्चा गेलेल्या सांध्यात घर्षण जास्त, म्हणूनच गोळा सैल होतो. त्यांनी टेफ्लॉनची वाटी घेतली आणि धातूचा गोळा लहान केला, साधारण २२ मिलिमीटरचा. त्रिज्या कमी, म्हणजे घर्षणाचा टॉर्क कमी. आपलं फर्स्ट इयरचं मेकॅनिक्सच की!

पेशंट चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं आणि त्याच्या भुकटीने आजूबाजूचं हाड पोखरलं. सुमारे ३०० शस्त्रक्रिया वाया गेल्या. चार्न्लींनी ते लपवलं नाही. पुन्हा ऑपरेशन करायचं काम स्वतः अंगावर घेतलं, शिवाय आपल्याच मांडीत टेफ्लॉनचे कण टोचून घेतले. तिथे गाठ आली.

१९६२ मध्ये यंत्रमागाची चाकं विकणाऱ्या एकाने पॉलिएथिलीनचा तुकडा आणला. चार्न्लींनी नखाने कुरतडून पाहिला आणि नापास केला. पण त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी, साहेब बाहेरगावी असताना, तो मशीनवर चढवलाच. तीन आठवडे फिरूनही झीज अगदी किरकोळ! त्याच वर्षी पेशंटवर वापर सुरू झाला.

१९७७ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला, १९८२ मध्ये ते गेले. आजही खुबा बदलताना मूळ कल्पना त्यांचीच असते. जर्नलमध्ये रीडिंग 'जुळवताना' त्या ३०० जणांची आठवण ठेवूया. आणि लॅबमधल्या मामांचंही जरा ऐकूया!