विश्लेषण : कुलाब्यात उन्हावर इंजिन चालवणारे विल्यम ॲडम्स कोण होते?

मे महिन्यात यवतमाळात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. हेच ऊन आरशांनी एका जागी गोळा केले, तर पाणी उकळून वाफ होते आणि त्या वाफेवर वीजही तयार करता येते. छतावरच्या सोलर पॅनलपेक्षा हे तंत्र वेगळे आहे. त्याचा एक मोठा प्रयोग सुमारे दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत झाला.

ॲडम्स कोण?
विल्यम ॲडम्स मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक होते. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांसाठी कोळसा जहाजाने यायचा आणि महाग पडायचा. फ्रान्समधील गणिताचे शिक्षक ऑगस्टिन मूशो उन्हावर वाफेचे इंजिन चालवतात, हे ॲडम्स यांच्या वाचनात आले. मात्र मूशो यांचा नरसाळ्यासारखा, चांदीचा मुलामा दिलेला आरसा खर्चिक होता आणि तो फार मोठा करणेही अवघड होते.

त्यांनी काय केले?
१८७६ च्या अखेरीस ॲडम्स यांनी साधे सपाट आरसे घेतले. प्रत्येक आरसा १७ इंच लांब आणि १० इंच रुंद. असे ७२ आरसे एका चौकटीवर बसवून सगळ्यांचा झोत एकाच ठिकाणी पाडला. तिथे साडेसहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता मिळाली. बॉयलर जागेवर स्थिर ठेवला. सूर्य सरकला की मजूर आरशांची चौकट अर्धवर्तुळाकार रुळावरून ढकलायचा.
कुलाब्यातील बंगल्याच्या आवारात या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन दोन आठवडे दिवसा चालले. लष्करी अधिकारी, न्यायाधीश आणि गिरणीमालक ते पाहून गेले. ॲडम्स यांनी सूर्यचूलही बनवली. ऐन जानेवारीत तिच्यावर सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजले. १८७८ मध्ये त्यांनी हे सारे पुस्तकात मांडले.

मग पुढे काय झाले?
कोळसा सहज मिळू लागला आणि हा प्रयोग मागे पडला. कल्पना मात्र टिकली. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ २००७ मध्ये सुरू झालेल्या वीज केंद्रात शेकडो आरसे एका मनोऱ्यावर ऊन फेकतात.

यवतमाळला याचा उपयोग काय?
वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत, पण ऊन साऱ्या जिल्ह्यात आहे. आज वीज पॅनलवर स्वस्त पडते. त्यामुळे आरशांचा खरा फायदा उष्णतेसाठी आहे. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ मध्ये वाफेवरच्या स्वयंपाकासाठी ७३ तबकड्या बसल्या. लातूरच्या दूध डेअरीतही असा आरसा वापरला गेला.
मात्र या तंत्राला थेट ऊन लागते. ढगाळ दिवशी काम अडते, आरशांवरची धूळ सतत पुसावी लागते. म्हणून पावसाळ्यासाठी गॅसची जोड ठेवावीच लागेल. तरीही रोज शेकडो ताटे वाढणाऱ्या वसतिगृहांना आणि आश्रमशाळांना उन्हाळ्यात तरी इंधनाचा खर्च वाचवता येईल.